सरकारी जागा

बसच्या खिडकीतून मला रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर एक म्हातारा बसलेला दिसला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की काय एकेक माणसं असतात, बसायला हीच जागा सापडली का ह्याला. दुसरा विचार यायच्या आत बस पुढं गेली होती. मग कळलं, ते अण्णा होते. माझे वडील. उकिडवे बसलेले, धोतराचा सोगा मांड्यांत खोचलेला, कण्हेरीच्या दोन झुडपांच्या मधे, हातात खुरपं. एका अंगानं मालाचे ट्रक, दुसऱ्या अंगानं उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, वाढ्यांचे, उसाच्या वरच्या हिरव्या पाल्याचे, शेंडे बाहेर लोंबतायत, आणि मधल्या चिंचोळ्या मातीत माझा बाप निवांत खुरपतोय. मी चौसाळ्याच्या दवाखान्यात सिस्टर आहे. रस्त्यावर उडवलेली माणसं आमच्याकडं आणतात तेव्हा त्यांचं काय झालेलं असतं ते मला कुणी सांगायला नको. कंडक्टरला म्हणलं, थांबवा. तो म्हणला, ताई, स्टॉप पुढं हाय. मी म्हणलं, माझा बाप रस्त्यात बसलाय. त्यानं काही न विचारता घंटी मारली.

मागं पळत गेले. पर्स, डबा, पदर, कशाचं भान नव्हतं. अलीकडून मी त्यांना हाका मारल्या असतील, पण त्या गोंगाटात काय ऐकू येणार. गाड्या जरा विरळ झाल्यावर मी दुभाजकावर चढले तर अण्णांनी मान वर केली आणि विचारलं, "आलीस? आज लौकर सुटलीस?" मी जणू बांधावर भाकरी घेऊनच आलेय. मी म्हणलं, अण्णा, उठा. ते म्हणाले, तण लई झालंय, एवढं होऊ दे. मी दंडाला धरून उठवलंच. त्या दंडात आता हाड आणि वरची सैल कातडी एवढंच राहिलंय. ह्याच दंडानं कोयता चालवून त्यांनी मला नर्सिंगला घातलं. रस्ता ओलांडेपर्यंत मी त्यांना वाटेल ते बोलले. एका मोटारसायकलवाल्यानं ब्रेक दाबून आम्हाला मरायचंय का म्हणून विचारलं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अण्णांनी एकदा मागं वळून बघितलं, घरातून निघताना माणूस कडी नीट लागली का बघतो तसं. मला त्याचाही राग आला. चार लोकांत आधीच शोभा झाली होती आणि ह्यांना मागं काय राहिलंय ते बघायचंय.

आमच्या वसाहतीचं नाव आमराई नगर. आंबा बघायचा असला तर उन्हाळ्यात हातगाड्यावर बघावा. सुंदरराव मालकांचं हे रान होतं, त्यात खरंच आंब्याची झाडं होती म्हणतात, पण प्लॉट पाडले तेव्हा एक आंबा कुणाच्या स्वयंपाकघरात यायला लागला, दुसरा कुणाच्या जिन्यात, म्हणून सगळेच काढले. नाव तेवढं कमानीवर राहिलं, निळ्या अक्षरांत. आत शिरलं की सिमेंटचा रस्ता, कडेनं सिमेंटची गटार, गटारीला चिकटून कंपाउंडच्या भिंती आणि भिंतीच्या आत फरशी. नकाशात बगीच्याला सोडलेला एक तुकडा होता, त्यावर ठोकळे बसवून सभामंडप उभा केलाय, बारशा-वाढदिवसाला बरा पडतो. ही काही मी तक्रार करत नाही. फरशी माझ्या घरी मीच मागितली. घर बांधताना सोमेश्वर, माझा नवरा, म्हणत होता की दारापुढं थोडी माती सोडू, जास्वंद-बिस्वंद लावता येईल. मी म्हणलं, टीचभर सुद्धा नको. माती काय असते ते मला विचारा. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड निघायचं ऊस तोडायला, कधी कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, कोपीत जमीन ओली, गोधडी ओली, पायांच्या बोटांत चिखल्या. एकदा माझ्या उशाला विंचू निघाला आणि आईनं तो चपलेनं मारून परत मला तिथंच निजवलं, दुसरी जागाच नव्हती. टीव्हीवर निसर्गाचं गोड गोड बोलतात त्यांनी एक हंगाम कोपीत काढावा आणि मग बोलावं. नवीन घरात मी पहिल्यांदा अनवाणी चालले, कोरडी, गुळगुळीत, पायाला काही न चिकटणारी फरशी, तेव्हा मला हुंदका आला होता. आई खाली बसून फरशीवरनं हात फिरवत होती. म्हणाली, "लई ग्वाड हाय गं. पर पान्याला मुरायला जागा कुठं ठिवली न्हाईस." मी म्हणलं, हिला राजवाडा दाखवा, ही खोट काढणारच.

आई गेली ती ह्याच घरात, श्रावणात, दम्यानं. सुभद्राबाई तिचं नाव, पण ऊसतोडीच्या टोळीत तिला सगळे अण्णांच्या नावानं शहादेवची बाई म्हणायचे. मी एकुलती, म्हणून दोघांना मीच बीडला आणलं होतं. शेवटी शेवटी ती एकच गोष्ट परत परत बोलायची, मला पाण्यात सोडू नका. आमच्याकडं ज्यांना रान आहे ती माणसं राख आपल्या रानात ठेवतात आणि वर झाड लावतात. ज्यांना नाही ती गोदावरी गाठतात. आई म्हणायची, "जलमभर हिंडले. मेल्यावर बी व्हाऊन जाऊ का? मला एका जागी ठिवा." मी होय होय म्हणलं. आजाऱ्याला होय म्हणायची सवय मला नोकरीनं लावलीय. सावडून झाल्यावर रान आणायचं कुठून? गावाकडं, चकलांब्याच्या जवळ, आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या, दारातली जागा सुद्धा भावकीची. मग राक्षसभुवनला जाऊन गोदावरीत सोडली. अण्णा गुडघाभर पाण्यात उभे होते. मी त्यांच्याकडं पाठ करून रडले आणि रडता रडता मनात म्हणलं, झालं एकदाचं. काय करणार, मनात येतं ते येतं.

त्यानंतर अण्णा घरात असे राहायला लागले की पाहुणा बरा. जावयाच्या घरी राहतोय ह्याची त्यांना लाज. सोमेश्वर त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करून आला की ते उठून उभे राहायचे, "या पाव्हनं" म्हणायचे, त्याच्याच घरात. सोफ्यावर बसायचे नाहीत. पाणी पिऊन तांब्यात उरलेला घोट ते कधी मोरीत ओतायचे नाहीत, तांब्या हातात घेऊन कशाच्या तरी बुडाशी ओतावा म्हणून दारात जायचे, इकडं फरशी, तिकडं फरशी, मग जरा वेळ उभे राहून परत यायचे आणि तो घोट पिऊन टाकायचे. मी हे बघायची आणि बघून न बघितल्यासारखं करायची. दिवसा मी चौसाळ्याला, सोमेश्वर दुकानात, आणि हे गच्चीवर. मला वाटायचं ऊन खात बसत असतील. तर हे अशा उद्योगाला जात होते.

त्या दिवशी चहा घेऊन मी गच्चीवर गेले. राग उतरला होता, भीती उतरली नव्हती. विचारलं, अण्णा, कावून जाता तिथं? त्यांनी कपाऐवजी बशी हातात घेतली, चहा ओतला, आणि बोट केलं. आमच्या गच्चीवरून गल्लीसमोरचा दुभाजक सरळ दिसतो. कण्हेरीच्या मधे वीतभर काहीतरी बारीक हिरवं होतं.

"कडूलिंब हाय," ते म्हणाले. "खाली तुझी आई हाय."

मूठभर राख त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधून मागं ठेवली होती. राक्षसभुवनला, माझ्या पाठीमागं. मग घरी आल्यावर जागा शोधत हिंडले, सगळं आमराई नगर पालथं घातलं, आणि एक दिवस रस्ता ओलांडून तिथं गेले. मी म्हणलं, अण्णा, आईला रस्त्यात ठेवलं तुम्ही?

"मग कुठं ठिवू? तुझ्या घरी माती हाय का?"

मी म्हणलं, कुंडी आणली असती की.

"कुंडी उचलत्यात, माय. आज हितं, उद्या तितं." बशी खाली ठेवून त्यांनी मिशा पुसल्या. "ती सरकारी जागा हाय. मालकाची जागा असली की उठवत्यात. ऊस सरला, उठा. पानी न्हाई, उठा. किती बांधावरनं उठलो आमी. तितं मालकच न्हाई तर उठवंल कोन? टँकरवाला येतो, कन्हेरीला पानी घालतो, तिलाबी घोटभर मिळतं."

सरकारी जागेवरून माणसं कशी उठवतात ते मी बीडमधे किती वेळा बघितलंय, पण ते त्यांना सांगायचं कसं? आई गेल्यापासून ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होते. हंगाम संपून गावी आल्यावर पत्र्याच्या खोलीचं कुलूप उघडताना ते असे दिसायचे. एक काम नीट पार पाडलं, बायकोला दिलेला शब्द पाळला, असं त्यांना वाटत होतं. मी सिस्टर, शिकलेली, पगारदार, मी तो पाळला नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला, खरं सांगते, आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, की उद्या त्या ट्रॅक्टरखाली गेलात तर तुम्हाला मी कुठं ठेवू?

दुसऱ्या दिवशी निघताना मी गेटला कुलूप लावलं. परत आले तर ते गेटच्या गजांना धरून उभे, तुरुंगात भेटीला आलेल्या माणसासारखे, फक्त आतल्या बाजूनं. दुपारपासून तसेच उभे होते म्हणून समोरची म्हणाली. सोमेश्वरनं माझ्या हातातून किल्ली घेतली आणि म्हणाला, आपण त्यांना सांभाळायला आणलंय का कोंडायला? लिंब काढून दुसरीकडं लावू म्हणलं तर अण्णा म्हणाले, आता ती बसलीय तिथं. मग मी रोज बसमधे उजव्या बाजूची खिडकी धरायला लागले. घाट उतरला की मान बाहेर. लिंबावर धूळ बसलेली असायची, पानं मातकट, पण शेंड्याला कोवळी लाल पालवी फुटलेली. कुणी म्हणेल, रोज रस्त्यानं जाते ही, हिला आजच झाड दिसलं का. आजच दिसलं. इतकी वर्षं त्या दुभाजकाकडं मी फक्त एवढ्यासाठी बघत होते की समोरून गाडी तर येत नाही ना.

एका रविवारी मीच म्हणलं, चला, मी येते. अण्णांच्या दंडाला धरून ओलांडलं. ते खुरपत होते, मी काय करणार, बसले. इतक्या वर्षांनी उकिडवी बसले, गुडघे कुरकुरले. दोन्हीकडून गाड्यांचा वारा, डिझेलचा वास, कानाला दडे बसलेले, आणि मधे त्या मातीवर मी हात ठेवला. कोमट होती. रस्त्याचं डांबर तापतं त्यानं असेल. बोटं आत गेली. मला वाटलं होतं किळस येईल, नाही आली. मी आईशी बोलले, मनातल्या मनात, काही मोठं नाही, तुझ्या त्या हिरव्या लुगड्याची गोधडी शिवायला टाकलीय, असलंच काहीतरी. फरशीवर बसून मला तिच्याशी कधी बोलता आलं नव्हतं. घरात तिचा फोटो आहे, हार आहे, उदबत्ती लावते रोज. पण फोटोपुढं उभी राहिले की मला दवाखान्यातली कामं आठवतात. त्या गोंगाटात मात्र ती होती. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर इतका घासून गेला की लोंबणाऱ्या वाढ्यानं अण्णांची टोपी उडवली. ते हसले. मी मात्र टोपी उचलली आणि त्यांना दंडाला धरून घरी आणलं.

त्याच आठवड्यात मी अमरसिंहदादांकडं गेले. अमरसिंह म्हणजे सुंदरराव मालकांचे चिरंजीव, आमराई नगरचे पुढारी, पुढं नगरसेवक व्हायच्या तयारीत असलेले. त्यांच्या मातोश्री छबुबाईंचं बीपी मी बघते, त्यामुळं त्या घरी मला चहा मिळतो. दादांना म्हणलं, आमच्या गल्लीसमोर रस्ता ओलांडायला काहीतरी करा, पांढरे पट्टे, गतिरोधक. माझ्या डोळ्यांपुढं एकदा पुण्यात बघितलेले ते पट्टे होते, माणूस पाय टाकतो आणि गाड्या थांबतात. दादांनी विचारलं, पलीकडं काय हाय ताई, कोन जातं? तिथं मला खरं सांगता आलं असतं. पण काय सांगणार, माझ्या बापानं मसणातली राख आणून तुमच्या रस्त्यात पुरलीय? छबुबाई समोर जपमाळ घेऊन बसलेल्या. माझी जीभ रेटेना. उसतोड्याची पोर हे मी इतकी वर्षं पांढऱ्या एप्रनखाली झाकून ठेवलेलं. मी म्हणलं, माझे वडील पलीकडच्या मारुतीला जातात रोज. दादांनी मान डोलावली. नेमकं कुठं म्हणलं तर मी म्हणलं, आमच्या गल्लीच्या बरोब्बर समोर. ते म्हणाले, झालंच समजा. मी हरखून घरी आले. रस्त्यात अण्णांसाठी जिलबी घेतली.

काम इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. कामं इथं लवकर होत नाहीत, पण निवडणूक जवळ आली की होतात. त्या दिवशी मी लसीकरणाला गेले होते, उशिरा निघाले. घाट उतरल्यावर सवयीनं मान बाहेर काढली तर आमच्या गल्लीसमोर माणसं, छोटा मांडव, माईक. आणि सकाळी होता तो दुभाजक नव्हता. तेवढ्या भागात नव्हता. दोन्हीकडून सरळ कापून काढलेला, मधे ताजं काळं डांबर, त्यावर पांढरे पट्टे, आणि माणसांसोबत गाड्यांनाही वळता यावं एवढं रुंद तोंड. दादांची गाडी त्यात वळून उभी होती. पट्टे मी मागितले होते. पट्टे आखायला आधी मधलं काढावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नुसते पट्टे बघितले होते, त्यांच्याखाली काय होतं ते कोण बघतं.

मी बसमधून उतरले तोवर दादा माईकवर बोलत होते. म्हणत होते की ज्येष्ठांच्या देवदर्शनासाठी आपल्या सुनिता सिस्टरनं मागणी केली, एका लेकीनं बापासाठी मागितलेली ही वाट आहे. टाळ्या झाल्या. अण्णा मांडवात खुर्चीच्या टोकावर बसलेले, डोक्याला कुणीतरी भगवा फेटा बांधलेला, तो कानावर उतरलेला. माझं नाव ऐकून त्यांनी मान फिरवून मला शोधलं. नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांना नुसतं कोडं पडलं होतं. मग त्यांच्या हातात नारळ दिला.

"कुठं फोडू?" अण्णांनी विचारलं.

"हितंच फोडा बाबा, मधोमध," दादा म्हणाले आणि जागा दाखवली.

जागा तीच होती. अण्णांनी चपला काढल्या. आधी वाकून हात टेकवला, चटका बसला असेल, पण उचलला नाही. मग नारळ फोडला आणि पाणी चहूकडं न शिंपडता सगळंच्या सगळं एका ठिकाणी ओतलं, सावकाश, थेंब संपेपर्यंत. पाणी मुरलं नाही. डांबरावरून उतार धरून गटारीकडं गेलं. दादा शेजारच्याला म्हणाले, जुन्या माणसांची श्रद्धा बघा. मग अण्णांनी दादांना हात जोडले आणि म्हणाले, "लई चांगलं केलं, मालक." मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी येऊन मी त्यांचा फेटा सोडला. गाठ सुटेना. मी म्हणलं, अण्णा, मी हे मागितलं नव्हतं. ते म्हणाले, तुला काय ठाऊक, तू वाट मागितली, त्यांनी वाट दिली. मग मी विचारलं, तुम्ही कुठं होता तेव्हा? त्यांनी सांगितलं. ते तिथंच होते, लिंबापाशी. जेसीबी आला, माणसं उतरली. मी म्हणलं, मग त्यांना सांगायचं ना, थांबवायचं ना, आडवं पडायचं.

"उठा म्हनले. उठलो," अण्णा म्हणाले.

एवढंच. माझ्याकडं बघत सुद्धा नव्हते. जन्मभर ज्या माणसाला कुणीही येऊन उठा म्हणलं आणि तो भाकरी टोपल्यात टाकून, पोरगी कडेवर घेऊन उठला, त्यानं त्या दिवशी नवीन काय करायचं होतं? मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग ते म्हणाले की ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी विचारलं, माती कुठं नेता. त्यानं सांगितलं, मागच्या गल्लीत, विमलबाईंच्या जोत्यात भराव लागतोय. त्यांनी तेवढं विचारून घेतलं होतं. मी तशीच निघाले. अण्णा मागून आले.

विमलबाई अंगणवाडीच्या निवृत्त सुपरवायझर, आमच्या मागच्या गल्लीत घर बांधतायत. जोतं भरत आलं होतं. अजून दिवस मावळायचा होता, मजूर गेलेले. मातीचा शेवटचा ढीग पसरायचा राहिला होता आणि त्याच्या एका कडेला लिंब उलटा पडलेला, मूळ वर, पानं खाली दबलेली. अण्णांनी तो उचलला, मुळाची माती झाडली नाही, धरून उभे राहिले. मी ढिगाजवळ गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागले. काय शोधत होते देव जाणे. पावसानं आणि टँकरच्या पाण्यानं राखेची कधीच माती झाली होती. तरी मी उकरत होते. नखं भरली, एप्रनवर मातीचे हात उमटले. मूठभर दे ग बाई, मूठभर तरी दे, असं काहीतरी पुटपुटत होते, कुणाला ते माहीत नाही.

"सिस्टर? काही हरवलं का?" विमलबाई गेटातून आत येत होत्या. "आत्ताच बघून घ्या बरं का. सकाळी कोबा टाकणारेत."

मी मान वर केली. ह्या वेळी सांगायचं ठरवलं. दादांपुढं गप्प बसून काय झालं ते बघितलं होतं. माझी आई आहे ह्यात, एवढंच म्हणायचं होतं, मोठ्यानं, कुणाच्या तरी तोंडावर. विमलबाईंच्या गेटाला लिंबू-मिरची बांधलेली होती, भूमिपूजनाचं हळदीकुंकू अजून कोपऱ्यातल्या दगडावर होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात अण्णांचा हात माझ्या खांद्यावर पडला. जड नव्हता, पण दाबला.

"कानातलं पडलं म्हनं बाई हिचं," अण्णा म्हणाले. "गावलं आता. चल गं."

त्यांनी लिंब ढिगावर परत ठेवला, पण आता सरळ, मुळाकडची बाजू मातीत. विमलबाई म्हणाल्या, सापडलं ना, बरं झालं. आम्ही निघालो. गल्लीत वळल्यावर मी अण्णांना विचारलं, का बोलू दिलं नाही मला. माझा आवाज चढला होता.

"बोलली असतीस तर तिला तितनं बी उठवलं असतं," ते म्हणाले.

सकाळी मिक्सर आला. मी डबा भरत होते, अण्णा गच्चीवर मागच्या कठड्याशी उभे होते. चहाला हाक मारली, आले नाहीत. मिक्सरची घरघर, फावड्यांचा आवाज, कुणीतरी पाणी मारा म्हणून ओरडत होतं. सोमेश्वर म्हणाला, मी थांबतो त्यांच्यापाशी, तू जा. मी नाही गेले. बऱ्याच वेळानं आवाज थांबला आणि अण्णा जिना उतरून खाली आले. हातात तांब्या होता, रिकामा. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "झालं गं. पक्कं केलं त्यांनी. आता न्हाई उठवत कोन." मग म्हणाले, "पर दुसऱ्याच्या घरात जाऊन बसायचं कसं, माय?" बस तर केव्हाच गेली होती. मी तिथंच फरशीवर बसले आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले.